नंबर कुठाय घराचा?

मागच्या महिन्यात रात्री दोनला, इथं बेळगावच्या अनगोळ भागात, आमच्या शेजारचे काका छातीला हात लावून उंबऱ्यावरच बसले. आम्ही ॲम्ब्युलन्स बोलावली. ड्रायव्हर बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. फोनवर विचारतोय, "एल्लि बरबेकु री?" म्हणजे कुठं यायचं, आणि आमच्यातला एकजण मोडक्यातोडक्या कन्नडात सांगतोय, अनगोळ, मारुती गल्ली, देवळाच्या पुढं निळं गेट. त्यात घाईत 'अनगोळ' त्याला नीट ऐकूच गेलं नाही. गाडी गेली शहरातल्या मारुती गल्लीत. आपल्याकडं मारुती गल्ली नसलेलं गाव दाखवा बघू! मग इकडं आली, तर आमच्या दारावरनं दोनदा पुढं निघून गेली. रात्री दोनला निळं गेट काळंच दिसतं की वो.

काका आता बरे आहेत, चहाला मीच त्यांच्याकडं असतो. पण हृदय बंद पडलेलं असतं तर? तेव्हा मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटं पुरतात. ड्रायव्हरची काय चूक? चूक आमची.

दुसऱ्या दिवशी गल्लीतनं मुद्दाम बघत फिरलो. 'मातृछाया', 'आईचा आशीर्वाद', 'श्री गणेश प्रसन्न', ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं. नंबर? एका घरी पत्र्याच्या पाटीवर होता, दिवाळीच्या रंगात अर्धा बुजलेला. एका घरी तोरणाआड. भाऊ वेगळे झालेल्या वाड्यात एकाच दारामागं तीन चुली, नंबर एकालाच. गंमत म्हणजे सगळ्यात ठळक आकडे दिसले ते पोलिओवाल्यांनी खडूनं लिहिलेले. गल्लीच्या तोंडावरच्या नावाच्या पाटीवर तर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.

कुणी म्हणेल, व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकायचं. टाकलं होतं. भिंतीला भिंत लागलेली घरं, पिन पडली मागच्या गल्लीत.

पोस्टमनला नंबर लागत नाही, तो आजोबांच्या नावानं घर ओळखतो. नंबर लागतो तो परक्या माणसाला, अंधारात, घाईत. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा नियमांत घराचा आकडा किमान ४ इंच उंच, मागच्या रंगावर उठून दिसणारा आणि रस्त्यावरनं वाचता येणारा हवा असं लिहिलंय. आपण दारावरच्या नावाला फूटभर जागा देतो आणि नंबराला चार बोटंसुद्धा नाही.

आता इथल्या पाट्यांचं राजकारण. २०२४ मध्ये कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा झाला, त्यावर आपण पुष्कळ भांडलोय, पुढंही भांडू. घराच्या आकड्यात मात्र ते नको. माझं मराठीवर प्रेम कमी नाही, पण नंबर इंग्रजी आकड्यांतच लिहा. बैलहोंगलचा कन्नड असो की खानापूरचा मराठी, तो सगळ्यांना वाचता येतो.

मी गाड्यांच्या नंबरप्लेटवाल्याकडनं रेडियमचे आकडे कापून आणले, पांढऱ्यावर काळे, आणि गेटच्या खांबावर चिकटवले. बाबा म्हणाले, गाडीसारखं दिसतंय. दिसू दे.

मग काकू आल्या, "आमचंबी करून दे गा." नंबर विचारला तर त्यांनी लाईटबिल आणलं. त्यावर आरआर नंबर होता, लाईटच्या कनेक्शनचा. घरफाळ्याची पावती शोधतोय आम्ही दोघं काल संध्याकाळपासून. ट्रंकेत काकांचं लग्नाच्या वेळचं रेशनकार्ड सापडलं, पावती अजून नाही.