बलिदानचा बिल्ला टपरीवर विकायला?

आज संध्याकाळी दिवेआगरच्या किनाऱ्यावर एका पोराने जीप थेट वाळूत घातली. बाजूला एका कोळणीने जवळा वाळत घातला होता, त्याच्या कडेवरून चाक गेलं. ती ओरडली, मी धावलो. गाडी वर घे म्हटलं, तर या पठ्ठ्याने मागच्या काचेवरच्या स्टिकरकडे बोट दाखवलं. टोक खाली असलेला खंजीर, दोन बाजूंना पंख, मध्ये आडव्या पट्टीवर देवनागरीत 'बलिदान'. त्याच्या डोक्यावर मरून रंगाची टोपी. कुठल्या पलटणीत आहेस विचारलं, तर म्हणे, "फॅन आहे काका."

तेव्हापासून डोकं तापलंय.

अरे, हा बिल्ला फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसच्या, म्हणजे लष्कराच्या छत्रीधारी कमांडोंच्या, जवानाच्या छातीवर असतो. पॅराशूट रेजिमेंटच्या साध्या बटालियनमधला जवान विमानातून उड्या मारतो, मरून रंगाची बेरेट टोपी घालतो, तरी त्यालाही हा लावता येत नाही. माझ्या मामांनासुद्धा नव्हता, आणि मामा टांगाइलला उतरलेले आहेत!

11 डिसेंबर 1971, संध्याकाळची वेळ. 2 पॅरा, म्हणजे आपल्या मराठ्यांची पलटण, पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ पॅराशूटच्या छत्र्यांनी उतरली आणि पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. 16 तारखेला ढाक्यात सगळ्यात आधी शिरली तीही हीच. 2 पॅरा स्पेशल फोर्सेस झाली ती फार नंतर, तोवर मामा पेन्शन घेऊन गावी आले होते. त्यांच्याकडे होती फक्त बेरेट आणि तिच्यावरचा बिल्ला: उघडलेली छत्री, पंख, खंजीर.

ती बेरेट पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात, डांबरगोळ्या घालून ठेवलेली असायची. डिसेंबर आला की मामा ती बाहेर काढायचे. पाण्यात भिजवून, पिळून, उजव्या कानाकडे ओढून आकार द्यायचे आणि पालथ्या तांब्यावर सुकवायचे. बिल्ला अंगठ्याने घासायचे. आणि पुन्हा ट्रंकेत. गावात पंधरा ऑगस्टलाही घालून मिरवले नाहीत. लहानपणी मी एकदा डोक्यावर चढवली, तर अलगद काढून घेतली. "हिच्यासाठी आधी उडी मारावी लागते," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. मला मात्र आज फार राग येतोय.

तो मरून रंग ब्रिटिशांच्या हवाई सैनिकांनी 1942 साली घेतला. त्यांच्या दंडावर पंखांचा ग्रीक घोडा असायचा, पेगॅसस. दुसऱ्या महायुद्धात आपल्या 44व्या हवाई डिव्हिजननेही तोच घोडा लावला, खाली इंडिया लिहून. पुढे घोडा गेला, आपल्या 50 पॅरा ब्रिगेडचं 'शत्रुजित' हे चिन्ह आलं, रंग तेवढा तोच राहिला. छातीवरचे पंख मिळवायला आग्र्याला पाच उड्या माराव्या लागतात, त्यातली एक रात्रीच्या अंधारात. आणि बीचवरच्या टपरीवर हा बिल्ला दोरीला लटकवलेला, चिल्लर पैशांत मिळतो.

आणि हे काही आपल्यापासून लांबचं नाही. माणगावला तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, आपण येता-जाता बघतो. पळसगावचा बावीस वर्षांचा पोरगा. 10 जुलै 1944 ला इटलीत सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा हा एकटा मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने हाणलं, आणि तिथेच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. त्याची पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. हीच तिसरी 1952 साली 2 पॅरा झाली. म्हणजे माझ्या मामांची पलटण. आता सांगा, त्या जीपवाल्याला मी गप्प बसून जाऊ द्यायचं?

धोनीच्या ग्लोव्हजवर 2019 च्या वर्ल्डकपला हे चिन्ह दिसलं, आयसीसीने काढायला लावलं, आणि तेव्हापासून ते जिथे तिथे चिकटलेलं दिसतंय. बरं, धोनी टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल आहे, त्याने आग्र्याला पाच उड्याही मारल्यात, त्याचं सोडा. स्टिकर लावला म्हणून कायदा कुणाला धरत नाही, हेही मान्य. सैनिक असल्याचं भासवलं तरच गुन्हा.

पण भासवतच होता की तो! स्टिकर दाखवला तो कशासाठी?

लिहिता लिहिता एक मात्र आठवलं. आपल्याकडची पोरं भल्या पहाटे याच वाळूत भरतीसाठी धावतात. त्यांतल्या एकाच्या मोबाइलच्या कव्हरवर हेच चिन्ह आहे. त्याला मी कधी बोललो नाही, बोलणारही नाही. दम लागला की तो त्या चिन्हाकडे बघतो आणि परत पळतो. त्याचं राहू दे.

पण ज्यांची बीचवर दुकानं आहेत, टपऱ्या आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: तिरंगा विका, शिवरायांचं चित्र विका, टोप्या हव्या तितक्या विका. हा बिल्ला तेवढा दोरीवरून काढा. उद्या सकाळी मी स्वतः तिथे जाणार आहे. श्रीवर्धन, म्हसळ्यातले कुणी येणार असाल तर खाली सांगा, बरोबर जाऊ. आणि त्या कोळणीचा किती जवळा गेला तेही विचारून येऊ.