40 गीगाबिटांची डबी

लॅपटॉपमधील 1 टेराबाइटची एसएसडी, म्हणजे चकती नसलेली, चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क काढून तिच्या जागी 2 टेराबाइटची बसवली आणि माझ्या टेबलावर एक पट्टी बेघर झाली. 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब अशी ती एम.2 पट्टी दिसायला मोडक्या फुटपट्टीचा तुकडा वाटते. पण सेकंदाला 3000 मेगाबाइटांहून अधिक वेगाने वाचून देण्याची तिची ऐपत होती. अशा गुणी वस्तूने खणात खोडरबराशेजारी पडून राहावे, हे मला पाहवेना. नेमक्या त्याच सुमारास माझ्या भाचीने तिच्या लहानपणापासूनचे सगळे घरगुती व्हिडिओ मागितले. कपाटातील एका जुन्या, आत चकती फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर ते सुमारे 600 गीगाबाइट भरत होते. पट्टीसाठी एक डबी घ्यावी, तिच्यात व्हिडिओ भरावेत आणि ती भाचीच्या हाती द्यावी, असा माझा एका संध्याकाळचा बेत होता. ती संध्याकाळ पुढे सात आठवडे चालली.

या डबीला एन्क्लोजर म्हणतात. नाव ऐकून आत बरेच काही असेल असे वाटते. प्रत्यक्षात धातूचे कवच, एक खोबण आणि एक इवलीशी चिप एवढाच तिचा संसार असतो. खरी करामत त्या चिपची. वेगवान पट्टी पीसीआय एक्सप्रेसची भाषा बोलते, लॅपटॉपच्या कडेचे पोर्ट यूएसबीची, आणि ही चिप दोघांमध्ये दुभाष्याचे काम करते. दुभाषाच अडखळत असेल, तर वक्ता कितीही फर्डा असून उपयोग नसतो. त्यामुळे शहाणा माणूस एन्क्लोजर घेताना आधी चिप कोणती ते विचारतो. मी रंग विचारला.

त्या करड्या रंगाच्या पहिल्या डबीवर ‘एम.2’ असे ठळक लिहिलेले होते, माझी पट्टीही एम.2 होती, आणि यापलीकडे चौकशी करण्यासारखे काही असेल अशी मला शंकाही आली नाही. घरी आल्यावर पट्टी खोबणीत जाईना. एम.2 हे केवळ आकाराचे नाव असून त्याच आकारात जुन्या, संथ वळणाचे साटा आणि पीसीआय एक्सप्रेस बोलणारे एनव्हीएमई अशी दोन वेगळी घराणी नांदतात, हे ज्ञान मला त्या रात्री झाले. पट्टीच्या टोकाला असलेल्या खाचेची जागा दोन्ही घराण्यांत सहसा निराळी असते, आणि खोबणीतील दात त्या खाचेशी जुळला नाही तर पट्टी आत जाऊच नये, अशी ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. ती बहुधा माझ्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली असावी. तरीही मी पट्टी उलटी करून पाहिली, तिरपी करून पाहिली, फुंकर मारून पाहिली, आणि अखेरीस माझी नजर हत्यारांच्या पेटीतील कानशीकडे वळली तेव्हा माझा मीच दचकलो. रिअलटेकच्या आरटीएल9210बी या चिपसारखे काही दुभाषे साटा आणि एनव्हीएमई दोन्ही जाणतात, आणि तशी चिप असलेली डबी घेतली असती तर हा प्रसंग टळला असता. माझी पट्टी एनव्हीएमई घराण्यातली, आणि माझ्या डबीला मात्र फक्त साटा येत होते. तिच्यात बसेल अशी पट्टी माझ्याजवळ नाही आणि डबी टाकवत नाही, म्हणून तिच्यात सध्या मी स्टेपलरच्या पिना ठेवतो.

दुसऱ्या वेळी मी अभ्यास करून जायचे ठरवले, आणि इथेच माझा खरा घात झाला. कारण या विषयाचा अभ्यास म्हणजे यूएसबीच्या नामावळीचा अभ्यास. 2008 साली यूएसबी 3.0 आले, त्याचा वेग सेकंदाला 5 गीगाबिट. इथपर्यंत सगळे सरळ होते. 2013 साली 10 गीगाबिटांचे यूएसबी 3.1 आले, तेव्हा त्याला ‘3.1 जेन 2’ म्हणण्यात आले आणि जुन्या 3.0 चे नामकरण ‘3.1 जेन 1’ असे झाले. 2017 साली यूएसबी 3.2 आले आणि पुन्हा सगळ्यांच्या पाट्या बदलल्या: पहिले ‘3.2 जेन 1’ झाले, दुसरे ‘3.2 जेन 2’ झाले, आणि नव्याने आलेल्या 20 गीगाबिटवाल्याला ‘3.2 जेन 2 बाय 2’ असे, पाढा म्हणत असल्यासारखे नाव मिळाले. म्हणजे 2008 सालचा तो मूळ गडी जागचा न हलता, एक पाऊलही जोरात न धावता, तीन नावांनी वावरला. खोक्यावर ‘यूएसबी 3.2’ एवढेच छापलेले असेल, तर आत 5 आहे, 10 आहे की 20, हे ओळखण्यासाठी सामुद्रिक शास्त्रच शिकावे लागेल. 2022 साली हे मानक ठरवणाऱ्या संस्थेलाच बहुधा आपल्या नावांचा कंटाळा आला आणि यापुढे खोक्यांवर सरळ वेगाचा आकडाच लिहावा, असे तिने सुचवले. माझ्या हाती आलेल्या खोक्यापर्यंत ती सूचना पोचली नव्हती.

शिवाय यातील बिट म्हणजे बाइट नव्हे. 8 बिटांचा एक बाइट होतो, आणि वाहतुकीच्या शिस्तीसाठी काही बिट वाटेतच खर्ची पडतात. त्यामुळे 5 गीगाबिटांच्या जोडणीतून सेकंदाला 500 मेगाबाइटांपेक्षा अधिक काही मिळत नाही, 10 मधून साधारण 1000 आणि 20 मधून साधारण 2000. जाहिरात बिटांत करायची आणि माल बाइटांत मोजून द्यायचा, ही युक्ती ज्याने शोधली त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

एवढ्या तयारीनिशी मी 20 गीगाबिटांची, 2 बाय 2 वाली डबी आणली. माझ्या लॅपटॉपला 40 गीगाबिटांचे थंडरबोल्ट पोर्ट आहे, म्हणजे आकार टाइप-सीचाच, पण मानक यूएसबीहून निराळे. चाळिसाच्या पोटात वीस सहज मावतात, हे शाळकरी गणित मला पक्के ठाऊक होते. वेग मोजला तर सेकंदाला 1000 मेगाबाइटांच्या आसपास, म्हणजे 10 गीगाबिटांचा. 2 बाय 2 ही पद्धत टाइप-सी जोडणीतील तारांचे दोन्ही संच वापरून वेग दुप्पट करते. परंतु 40 गीगाबिटांच्या बऱ्याच पोर्टांना ही विशिष्ट पद्धतच येत नाही, आणि ती आली नाही की दोन्ही पक्षांना येणाऱ्या त्याखालच्या पायरीवर, म्हणजे दहावर तडजोड होते. चाळीस येणाऱ्याला वीस येत नाहीत, हे मी भाचीला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मामा, मग एक हजारात वाईट काय आहे? तेवढ्यात भर ना माझे व्हिडिओ.” प्रश्न व्हिडिओंचा राहिला नसून तत्त्वाचा झाला आहे, असे मी तिला बाणेदारपणे ऐकवले.

तिसरी डबी यूएसबी 4 ची. 2019 साली आलेले हे मानक थंडरबोल्ट 3 च्या पायावर उभे असल्याने माझ्या पोर्टाशी तिचे गोत्र जुळत होते, आणि आत आसमीडियाची एएसएम2464पीडी ही नावाजलेली चिप होती. या वेळी मी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. डबी जांभळी निघाली.

मोठ्या अपेक्षेने केबल जोडली आणि वेग मोजला. सेकंदाला 40 मेगाबाइट. आकडा चाळीसच होता, हा त्यातील क्रूर भाग. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, पट्टी काढून पुन्हा बसवली, चिपच्या निर्मात्यांविषयी काही कठोर मते व्यक्त केली. दोष केबलचा होता. डबीसोबत आलेली केबल जेमतेम वीतभर असल्याने मी तिच्याऐवजी फोनच्या चार्जरची दोन मीटर लांब, जाडजूड, अत्यंत विश्वासू दिसणारी केबल लावली होती. दोन्ही टोकांना टाइप-सी असले, तरी चार्जिंगसाठी केलेल्या अशा बहुतेक केबलींतून मजकूर मात्र यूएसबी 2.0 च्या, म्हणजे 480 मेगाबिटांच्या वेगाने जातो, आणि ते मानक 2000 सालचे आहे. 40 गीगाबिटांची साधी केबल एक मीटरच्या आतच असते, हेही तेव्हाच कळले. म्हणजे ती वीतभर केबल कंजूषपणाने दिलेली नव्हती. तिच्यामुळे डबी लॅपटॉपच्या कुशीत ठेवावी लागते, ठेवतो.

वीतभर केबलीने आकडा एकदम 3000 च्या वर गेला. त्या आनंदात मी लागोपाठ पाच वेळा मोजणी केली, आणि पाचव्या वेळी आकडा घसरला, कारण पट्टी तापली होती. अशा पट्ट्यांचे तापमान साधारण सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की त्या स्वसंरक्षणासाठी आपणहून वेग उतरवतात. उष्णता कवचापर्यंत पोचवण्यासाठी आत एक मऊ, राखाडी थर्मल पॅड लावायचा असतो, आणि तो मी लावलाही होता. डबी पुन्हा उघडली. ती उघडताना तिचा मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू टिचकी बसल्यासारखा उडाला, आणि मी टॉर्च घेऊन टेबलाखाली रांगू लागलो. स्क्रू सापडला नाही, मात्र मागच्या वर्षी हरवलेली चष्म्याची काडी सापडली. त्यानंतर पॅड पाहिला, तर त्याच्या एका बाजूचे पारदर्शक प्लॅस्टिक मी सोललेच नव्हते. थंडाव्याच्या सगळ्या व्यवस्थेत आणि पट्टीत ते पापुद्र्याएवढे प्लॅस्टिक आडवे आले होते. ते काढल्यावर डबी बाहेरून अधिकच तापू लागली. हे चांगले लक्षण असते, कारण आतील उष्णता बाहेर येऊ लागल्याची ती खूण आहे. पण हाताला चटका बसल्यावर समाधान मानायला मनाची वेगळी तयारी लागते.

आता मला मोजणीचे व्यसन लागले होते. मी उठल्यावर मोजत असे, झोपण्यापूर्वी मोजत असे. एकदा लॅपटॉपमधून 200 गीगाबाइटांची एकच फाइल पट्टीवर पाठवली, तर आरंभी सुसाट धावणारा आलेख मध्येच कड्यावरून उडी मारल्यासारखा कोसळला आणि सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइटांवर लंगडत राहिला. या वेळी डबी, केबल, पोर्ट आणि पॅड सगळे निर्दोष होते. माझी पट्टी क्यूएलसी, म्हणजे एका पेशीत 4 बिट कोंबणारी निघाली. अशा पट्ट्या आपल्या काही पेशींत तात्पुरता एकेकच बिट लिहून वेगाचा देखावा करतात. ती मोकळी जागा भरली, की मूळचा संथ स्वभाव उघडा पडतो. जिच्या कोंडमाऱ्यासाठी मी इतके दिवस हळहळलो, ती स्वतःच अशी होती.

मधल्या काळात डबी एका जुन्या हबला, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टे करणाऱ्या ठोकळ्याला जोडली असता ती काम अर्धवट टाकून अदृश्य झाली. 5 व्होल्टला 900 मिलिअँपिअर एवढ्यावर भागणाऱ्या पोर्टातून तिची भूक भागत नाही, त्यामुळे तो हब बाजूला ठेवला. पट्टी भाचीच्या निराळ्या जातकुळीच्या संगणकावरही चालावी, म्हणून ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली. एफएटी32 या जुन्या पद्धतीत 4 गीगाबाइटांपेक्षा मोठी फाइल बसत नाही, ही गोष्ट निदान मला आधीपासून माहीत होती, आणि सात आठवड्यांत न चुकता केलेले हे एकमेव काम असल्यामुळे त्याचा उल्लेख करतो.

अखेर भाचीच घरी आली. मी तिला खुर्चीवर बसवले, जांभळी डबी लॅपटॉपच्या कुशीत ठेवली, वीतभर केबल जोडली आणि हे 600 गीगाबाइट आता कसे झरझर जातात ते पाहा, असे म्हणून कपाटातून जुनी हार्ड डिस्क आणून दुसऱ्या पोर्टाला लावली. चकती घरघरू लागली. फाइली निवडून कॉपी म्हटले आणि आम्ही दोघे पडद्याकडे पाहू लागलो. सेकंदाला 110 मेगाबाइट. मी केबल हलवून पाहिली. तेवढेच.

“मामा,” भाची सावकाश म्हणाली, “ही चकतीवाली डिस्क वाचते किती वेगाने?”

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी तिला तिच्या लहानपणी स्वतः शिकवली होती. त्यापैकी एका व्हिडिओत तो प्रसंगही असावा. तिने भिडस्तपणे ती उच्चारली नाही. 5 गीगाबिटांच्या सगळ्यात साध्या एन्क्लोजरलाही हा वेग पेलून वर तिप्पट जागा उरली असती, हा हिशेब मात्र तिने बोटांवर केलेला मला दिसला. पडद्यावर शिल्लक वेळ दीड तास दाखवत होता. बोलण्यासारखे काही नसल्यामुळे मी सवयीने डबीवर हात ठेवून पाहिला. ती थंडगार होती.