एम.एस्सी. करायची? आधी वावर पेरून घ्या

तर भाऊ, बी.एस्सी. झाली, गावात पेढे वाटले, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर खडूनं नाव लागलं अन् आता तुम्ही म्हणता पुण्याले जाऊन एम.एस्सी. करतो. करा ना. पैशाचं टेन्शन कायले घेता, सरकारच्या इतक्या स्कीमा आहेत, सगळं फुकटच होते, हे पारावर बसणारे काका सांगतातच (त्यांचं पोरगं नागपूरले फ्लॅट घेऊन राह्यते, ते जाऊ द्या). मी यवतमाळकडचा, दोन वर्षं पुण्यात काढून आलो, म्हणून माझंही थोडं ऐका.

सगळ्यात पहिले पराटीसोबत, म्हणजे कपाशीसोबत, बोलून घ्या. ॲडमिशन राह्यते जून-जुलैत अन् पैसा बोंडातून निघते दिवाळीच्या आसपास, सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झाल्यावर. जूनमधे घरी काय राह्यते? बियाणं उधार, डीएपी खत उधार, पीककर्जाची फाईल "वर गेली आहे", अन् बाप आभाळाकडं पाहून राह्यला. नेमक्या अशाच मुहूर्तावर कॉलेजवाले लिस्ट लावतात अन् तीन दिवसांत फी भरा म्हणतात. म्हणून पराटीले हात जोडा, बाई, औंदा मृगातच फूट. नाहीच ऐकलं तर सोयाबीनची वाट पाहा. त्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलले ५,३२८ रुपये, कागदावर झकास दिसते. मंग बाजार समितीत व्यापारी ओलावा मोजायची मशीन लावते, बाराच्या वर काटा गेला म्हणते अन् जो भाव सांगते त्यात सेमिस्टरची फी नाही, पण कागदपत्रांच्या झेरॉक्सचा खर्च आरामात निघते.

पराटी नाही, सोयाबीन नाही, तर बँकेत जा. नियम लय गोड आहेत. चार लाखापर्यंतच्या शैक्षणिक कर्जाले तारण नाही, मार्जिन नाही, हप्ता कोर्स संपून वर्ष झाल्यावर सुरू. हे वाचून नवा शर्ट घाला अन् साहेबासमोर जाऊन बसा. साहेब फक्त सातबारा अन् आठ-अ मागते. तुम्ही म्हणा, "साहेब, तारण नाही लागत ना?" तो म्हणते, "तारण नाही हो, पाहून राह्यलो फक्त." पाहता पाहता त्याले बापाचं थकलेलं पीककर्ज दिसते, २०१७ अन् २०१९ दोन्ही कर्जमाफ्यांच्या यादीतून जे मोठ्या शिताफीनं सुटलं ते. मंग सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत सांगणारा आकडा, काढते. तुमचा सिबिल नाहीच, बापाचा आहे पण नसता तर बरं झालं असतं. साहेब हळहळते, चहा पाजते अन् पुढच्या सोमवारी या म्हणते. सोमवार पुष्कळ आहेत. अन् चुकून कर्ज भेटलंच तर ध्यानात ठेवा, सुट्टी हप्त्याले आहे, व्याजाले नाही, त्याची हजेरी तुमच्यापेक्षा रेग्युलर राह्यते.

हुशार असाल तर सोपं आहे. गेटची परीक्षा काढा, एम.टेक.ले महिन्याले १२,४०० भेटतात. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, काढा, तिचे २०२३ पासून महिन्याले ३७,००० झाले. म्हणजे पैसे आहेत, फक्त ते पुढच्या स्टॉपवर उभे आहेत अन् तिथपर्यंतचं तिकीट तुमचं तुम्ही काढायचं.

तोपर्यंत शिष्यवृत्ती. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवरचा, फॉर्म रात्री दोनले भरा, दिवसा सर्व्हर झोपलेला राह्यते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठीसाहेब लागतात, त्यांच्याकडं चार गावं, तुम्ही ज्या गावात जाल ते सोडून बाकी तीन गावांत ते राह्यतात. आधार खात्याले जोडा, जोडलेलं असलं तरी परत जोडा. मंग अर्ज डेस्क-१ वर, म्हणजे तपासणीच्या पहिल्या टेबलावर, जाऊन बसते, चार महिन्यांनी "सेंट बॅक" होऊन येते, कारण काय तर दाखला अस्पष्ट. दाखला सरकारचाच, छापलेला त्यांच्याच प्रिंटरवर. आमच्या बाजूच्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, त्यांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. भाऊसाहेबांनी शेतकऱ्याच्या पोरांसाठी शाळा काढल्या, होस्टेलं काढली. सरकारनं भाऊसाहेबांच्या नावाचा फॉर्म काढला.

बहीण असली तर अजून मजा. २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सले ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या पोरींची शिक्षण फी अन् परीक्षा फी पूर्ण माफ, उत्पन्न आठ लाखाच्या आत पाहिजे. आमच्या घरी उत्पन्न आत राह्यते, त्याची काळजी नाही. माझी बहीण फार्मसीले आहे, तिची फी खरंच माफ झाली, खोटं कायले बोलू. पोट माफ झालं नाही, ते होस्टेलच्या मेसमधे महिन्याच्या महिन्याले भरा लागते.

आता राहायचं. पुण्यात तुम्हाले खोली भेटत नाही, खाट भेटते, तिले कॉट बेसिस म्हणतात. एका खोलीत सहा खाटा, सहाही पोट्टे विदर्भ-मराठवाड्याचे, त्यातले चार एमपीएससीवाले, त्यांचा लाईट रात्री दोनले बंद होते अन् पाचले लागते. मधातल्या तीन तासांत तुम्ही झोपून घ्या. डिपॉझिट परत भेटते, भिंतीचा रंग, फॅनची धूळ अन् मालकाचा मूड वजा करून. मेसचे पैसे ॲडव्हान्स. एखाद-दुसरा खाडा कापत नाहीत, सलग चार दिवस गेले तरच कापतात, म्हणून आजी गेली म्हणून गावी गेले तरी चार दिवसांच्या आत परत येऊ नका, नुकसान होते. रविवारी रात्री मेस बंद, त्या रात्रीसाठी मायनं बांधून दिलेली जवसाची चटणी ठेवा अन् बाजूच्या खाटेवाल्याले दिसू देऊ नका. दिवाळीत ट्रॅव्हल्सचं भाडं पाहून डोळे फिरले की महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चढा, संडासाच्या दाराजवळ जागा भेटली तर नशीबवान समजा, टेकायले भिंत राह्यते.

अन् फोनवर कसं बोलायचं ते शिकून घ्या. बाप विचारते, "पैसे हायेत ना?" तुम्ही म्हणा, "हाव, हायेत." मंग तुम्ही विचारा, "पाणी आलं का?" तो म्हणते, "हाव, मस्त आलं." यवतमाळचं हवामान तुम्ही मोबाईलवर आधीच पाहिलेलं राह्यते.

बाकी शिष्यवृत्ती येते, येत नाही असं नाही. माझी पहिल्या वर्षाची आली, एम.एस्सी. होऊन अकरा महिने झाल्यावर, बरोबर जूनमधे. त्यातला मोठा वाटा कॉलेजनं अडकवलेली टीसी सोडवायले गेला, मिनिमम बॅलन्सचा दंड बँकेनं कापला, उरले त्याच्यात सोयाबीनच्या दोन थैल्या अन् डीएपीची एक बॅग आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बापानं कृषी केंद्रात उधारी न करता पेरलं. मले म्हणे, "शिक्षणाचा फायदा होते बे." त्याच हप्त्यात बहिणीच्या होस्टेलमधून फोन आला, मेसचा ॲडव्हान्स कधी भरता म्हणून.