कचारगडात येऊन बोंबलता काहून बे?

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला जावं, जंगलातून चढत घामाघूम होऊन गुफेत पोचावं अन् जराशी शांत बसावं म्हटलं का लगेच एखादं टोळकं "ओऽऽऽ" करत आत घुसते, आवाज घुमला का पुन्हा तेच, मग ब्लूटूथ स्पीकर, रील, अन् दगडावर बदाम काढून नावं. हरवेळी हेच! अरे राजेहो, माघ पौर्णिमेला गोंड लोकं लांबलांबून इथं येतात, गुफेत कोंडलेल्या पोरांना त्यांच्या लिंगो-जंगो या दैवतांनी सोडवलं ते हेच ठिकाण मानतात, देवस्थान हाय त्यांचं. (जत्रेची गर्दी परवडली, ते निदान श्रद्धेनं तरी येतात.) तुमच्या आजीच्या देवघरात असे बोंबलता का? अन् ते कुरकुऱ्याचं पाकीट उचला आधी!