ती त्यांची झाली, इथली वेगळी द्या

आमच्या प्रोजेक्टमध्ये पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली एक फाइल एवढी लांब होती की स्क्रोल करता करता चहा गार व्हायचा. ‘हिच्या पाच फायली करा,’ असा वरून आदेश आला. केल्या. मेन फाइलच्या डोक्यावर मॅथ, जेसन, डेटटाइम या तयार मॉड्यूल्सचे, म्हणजे आयत्या कोडच्या गठ्ठ्यांचे, इम्पोर्ट (मागणीच्या ओळी) व्यवस्थित मांडलेले होतेच. तरी दुसरी फाइल चालू होताच नेमएरर! मॅथ? कोण मॅथ? आम्ही ओळखत नाही.

आधारची झेरॉक्स आत्ताच शेजारच्या खिडकीवर दिलेली असते, तरी ही खिडकी म्हणते, ‘ती त्यांची झाली, इथली वेगळी द्या.’ पायथनचा कारभार तोच. प्रत्येक फाइलचं दप्तर स्वतंत्र. मेनमधल्या इम्पोर्टशी तिचं देणंघेणं नाही. संताप याचा, की मॉड्यूल मुळात चालवलं जातं एकदाच. पहिल्या इम्पोर्टनंतर ते सिस डॉट मॉड्यूल्स नावाच्या डिक्शनरीत, म्हणजे पायथनच्या नोंदवहीत, जाऊन बसतं, आणि पुढे पन्नास फायलींनी मागितलं तरी तेच काढून देतात. म्हणजे हाताशी सगळं असतं. फक्त अर्ज केल्याशिवाय द्यायचं नाही.

आमच्याकडच्या नव्या मुलाला हा अपमान सोसवेना. ‘सर, एक कॉमन फाइल करू. सगळे इम्पोर्ट तिच्यात. बाकी फायलींत एकच ओळ, फ्रॉम कॉमन इम्पोर्ट स्टार!’ स्टार म्हणजे आत जे असेल ते सगळं.

मुलगा उत्साही. कॉमनमध्येही त्याने सढळ हाताने स्टार वाटले, त्यात एक ओएस या मॉड्यूलचा. आता ओएसकडे फाइल उघडणारं स्वतःचं एक ओपन आहे. ते कॉमनमधून पाचही फायलींत शिरलं आणि पायथनच्या घरच्या ओपनला उठवून त्याच्या जागी बसलं. घरचं ओपन बिचारं फाइलचं नाव दिलं की कामाला लागतं. हे म्हणालं, आधी फ्लॅग्ज आणा. कसले फ्लॅग्ज? एरर ज्या ओळीवर दाखवत होता, ती ओळ कित्येक महिने विनातक्रार चाललेली. त्या फाइलमध्ये ओएसचं नावसुद्धा नाही! चोर घरात, आणि पंचनामा आम्ही अंगणात करत होतो.

तो निघाला, तर कॉमनला एका फाइलमधलं फंक्शन लागलं आणि त्या फाइलला कॉमन. मॉड्यूल अर्धवटच तयार झालंय, बहुधा सर्क्युलर इम्पोर्ट असावा, असं पायथनने कळवलं. निदान इथलं निदान तरी बरोबर होतं.

शेवटी कॉमन फाइल उडवली आणि ज्याला जे लागेल ते त्याने आपापल्या डोक्यावर लिहावं, असं ठरलं. त्यावर रिव्ह्यू करणाऱ्या बाईंची टिप्पणी आली: पेप ८, म्हणजे पायथन लिहिण्याच्या शिस्तीच्या नियमावलीप्रमाणे, आधी स्टँडर्ड लायब्ररी (पायथनसोबतच येणारी मॉड्यूल्स), मग बाहेरची पॅकेजेस, मग आपली मॉड्यूल्स, आणि प्रत्येक गटानंतर एक रिकामी ओळ. पंगतीत मानपान असतातच म्हणा.

काल त्या मुलाने सहज काहीतरी करून बघायला नवी फाइल काढली. नाव ठेवलं रँडम डॉट पीवाय. आतली पहिली ओळ, इम्पोर्ट रँडम. त्याला हवं होतं चिठ्ठी काढल्यासारखे आकडे देणारं पायथनचं रँडम. पायथनने लांब न जाता शेजारचीच फाइल उचलली, म्हणजे तीच.

‘सर,’ तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, ‘रँडममधलं रँडइंट कुणी काढून टाकलं का हो?’