मोगऱ्याला कुरडईचं ऊन

नर्सरीत शिरल्या शिरल्या "नवशिक्यांसाठी काही आहे का?" असं कधी विचारू नये. तिथला माणूस आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि आतल्या पोराला हाक देतो, "भिया, वो वाले दिखा इनको, जो मरते नी!" गुलाब निवडत उभी असलेली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघतात. यांच्या घरी मरणारी झाडंसुद्धा जगत असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळतं. मग आपण घाईघाईने जवळच्या कुंडीवरचं लेबल वाचायला लागतो. त्यावर फक्त किंमत असते.

इंदुरातल्या खंडवा रोडच्या त्या नर्सरीत मला दाखवलेल्या न मरणाऱ्या मंडळींत एक अडेनियम होतं आणि त्याला खेटून हंसराजाचं नाजूक नेचं. अडेनियम मूळचं आफ्रिका-अरबस्तानातल्या कोरड्या खडकांतलं. हंसराज वाढतो ओढ्याकाठी, ओल्या सावलीत. दोघांची शिफारस मात्र शब्दशः एकच. "इसमें कुछ नी करना, भाभीजी. पड़ा रहेगा."

"ऊन किती लागतं?"

"धूप में भी चलेगा, छाँव में भी."

"आणि पाणी?"

"जब लगे."

कुणाला लागेल तेव्हा, झाडाला की मला, हे विचारायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, मोगरा आहे का? इथे मात्र त्याचा आवाज बदलला. इतका वेळ सगळं विकायला बसलेला माणूस अचानक मुलीकडचा झाला. "मोगरा? आपके यहाँ धूप कितने घंटे आती है?"

इतकी वर्षं या फ्लॅटमध्ये राहतो. मेंटेनन्स किती, सोसायटीत कुणाचं कुणाशी बोलणं नाही, लिफ्ट कुठल्या मजल्यावर आचके देते, सगळं सांगू शकते. ऊन किती तास येतं, ते माहीत नव्हतं. "विचारून सांगते," म्हणाले आणि रिकाम्या हाताने घरी आले.

घरी तोवर प्रत्येकाची यादी तयार होती. सासूबाईंना तुळस, मोगरा आणि पारिजातक हवा होता. त्यांच्या रामबागेतल्या जुन्या घराच्या अंगणात पारिजातक होता आणि तो छपराच्या वर गेला होता. आता तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कसा मावणार, यावर त्यांचं उत्तर होतं, "छाटायचा." नवऱ्याला जे खाता येईल तेच हवं होतं, म्हणजे टोमॅटो, लिंबू आणि जमल्यास डाळिंब. लेकीला मॉन्स्टेरा हवा होता. तो मी फोनवर दाखवला, तर सासूबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "अगं, पानं किडीने खाल्लेली दिसतात. असं झाड विकत घेतात?" ती भोकं जन्मजात असतात, त्याचे पैसे तर वेगळे द्यावे लागतात, हे त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

समोरच्या भाभीजी वास्तूवाल्या. काटेरी काही नको, चीक निघणारं काही नको. म्हणजे बोगनवेल गेली, निवडुंग गेला, रबर गेलं, नर्सरीवाल्याचं लाडकं अडेनियमही गेलं. गुलाबाला काटे असतात हे मी लक्षात आणून दिलं, तेव्हा कळलं की गुलाबाला सूट आहे. का आहे, ते विचारायचं नसतं. त्यांच्या मते पहिल्यांदा लावायचं झाड एकच, मनी प्लांट. पण तो विकत आणायचा नाही, मागून आणायचा नाही, चोरूनच आणायचा. तरच फळतो. मी म्हटलं, जिन्यात सोसायटीचा कॅमेरा आहे. त्या म्हणाल्या, "मैं रात को कुंडी बाहर रख दूँगी. आप ले जाना. मैं देखूँगी नी." ठरलेल्या वेळी मी कात्री घेऊन दार उघडलं. भाभीजी त्यांच्या दाराच्या फटीतून न बघता सूचना देत होत्या, "गाँठ के नीचे से काटना, गाँठ के नीचे से!" सूचना अगदी बरोबर होती. मुळं त्या पेरापासूनच फुटतात. ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या सोसायटी बेटांवरची. सोसायटीत राहायची तिला पहिल्यापासूनच सवय.

प्रश्न उरला उन्हाचा. आमची गॅलरी पश्चिमेकडे उघडते, एवढी माहिती घरात निर्विवाद होती. नवऱ्याने फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारं एक ॲप उतरवून घेतलं आणि गॅलरीत उभं राहून आम्हाला कर्कवृत्त समजावून सांगितलं. ते इंदूरच्या जरा उत्तरेला आहे, म्हणून जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा पलीकडे जातो, थंडीत दक्षिणेला कलतो, वगैरे. सगळं खरं होतं. मोगरा कुठे ठेवायचा, ते त्यात नव्हतं.

सासूबाई आत मेथी निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ऊन मोजायला काय झालंय? मला विचारा की. उजव्या कोपऱ्यात कुरडया दोन दिवसांत कडकडीत होतात. मधे, कपड्यांच्या दोरीखाली, साबुदाण्याच्या पापड्या वरून वाळतात आणि खालून ओल्या राहतात, रोज उलटाव्या लागतात. डावीकडे शेजारच्या बिल्डिंगची टाकी आड येते. तिथे एका वर्षी सांडगे ठेवले होते, बुरशी आली. आणि दिवाळीनंतर काही वाळवायचंच नाही. टाकीची सावली पार कुंकवाच्या करंड्यापर्यंत येते."

नवरा ॲपमध्ये बघून म्हणाला, "करेक्ट आहे." सूर्य थंडीत दक्षिणेला सरकतो, टाकी नैर्ऋत्येला, म्हणजे सावली गॅलरीभर. आई म्हणाल्या, "माझ्या कुरडयांना विचारून बनवलंय वाटतं ते."

त्या दिवसापासून आमच्याकडे उन्हाचं माप कुरडई हेच आहे, आणि मी तर म्हणते, नर्सऱ्यांनी लेबलवर तेच छापावं. मोगऱ्याला पाच-सहा तास कडक ऊन लागतं, म्हणजे कुरडईची जागा. उन्हाळ्यात फुलणारं झाड, थंडीत छाटून ठेवलं आणि पाणी कमी केलं की पडून राहतं. टाकीची सावली त्याच्या झोपेच्या वेळेला येते, हा तर योगच म्हणायचा. तुळससुद्धा कुरडईच्याच कोपऱ्यात. तिच्या जागेवर चर्चा झाली नाही, आईंनी फक्त कळवलं. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडायच्या, म्हणजे ती बियांच्या नादी न लागता पसरते. डिसेंबरात रुसली तर तिचं तिला रुसू द्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं. कढीलिंब पापडीच्या जागेला. थंडीत महिनोन्‌महिने त्याला नवं पान येत नाही. लोक त्याला मेला समजून आंबट ताक पाजत बसतात. सांडग्यांच्या कोपऱ्यात मनी प्लांट. थंडीत नर्सऱ्यांमधून जी पिटुनिया, डेलिया, पॅन्झीची जत्रा भरते तिला आमच्याकडे प्रवेशच नाही, कारण तेव्हा आमच्याकडे ऊन नाही. आणि ऊन असतं तरी ती मंडळी एप्रिलला गाशा गुंडाळणारी. पारिजातक कुरडईच्या उन्हात बसला असता, पण मग कुरडया कुठे वाळवायच्या? हा प्रश्न आईंनीच विचारला आणि पारिजातकाचं नाव आईंनीच खोडलं.

पुण्याची नणंद व्हिडिओ कॉलवर आली. ती या विषयात मुरलेली. म्हणाली, "झाडं सोड, आधी माती दाखव." माती आणली होती नवऱ्याच्या मित्राच्या शेतातून. माळव्याची काळीभोर. ती बघून आईंनी "पग पग रोटी, डग डग नीर" म्हणून दाखवलं. नणंद म्हणाली, "शेतात ठीक आहे गं आई. कुंडीत ही माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात, नंतर वीट होते. निम्म्याहून कमी घ्या. बाकी वाळू आणि खत."

खत हा शब्द उच्चारायला नको होता. नवऱ्याला हाच विषय हवा होता. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने १९२४ पासून १९३१ पर्यंत आमच्या इंदुरात, होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवरच्या संशोधन संस्थेत, कंपोस्ट करायची पद्धत बसवली. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ओल टिकवायची, मधूनमधून ढीग उलटायचा, तीन महिन्यांत खत तयार. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. "आणि त्याच्याबरोबर काम करणारा, पुस्तकावर नाव असलेला माणूस कोण? यशवंत वाड! आपला माणूस!" हे तो घरात, ऑफिसात आणि छप्पन दुकानला पोहे खाताना अनोळखी लोकांनाही सांगत होता. मग त्याने इंदूर पद्धतीने खत करायचं ठरवलं, इंदुरात. आणि शेणापाशी अडला.

हे शहर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि त्यानंतर पहिला नंबर सोडायला तयार नाही. आमच्या लहानपणी पाहिजे त्या वळणावर गाय बसलेली असायची. आता शहरात मोकाट गुरं दिसत नाहीत, रस्ते धुतलेले असतात. इंदूर पद्धतीला जे लागतं ते सगळं इंदूरने उचलून गावाबाहेर नेलं आहे. शेवटी त्याने गोवऱ्या ऑनलाइन मागवल्या. त्या घेऊन लिफ्टमधून येताना वॉचमनने, "साहब, हवन है क्या?" असं विचारलं. हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता. आता सोसायटी प्रसादाची वाट बघते आहे. गोमूत्राची बाटली देवघरात होती, पण आईंनी तिला हात लावू दिला नाही. गोठ्याची माती हा विषय तर मीच वाढू दिला नाही.

त्यात कचरा गाडीचं निघालं. इथे सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा द्यावा लागतो आणि गाडीवरच्या दादांना कुठल्या घरात काय निघतं ते पाठ असतं. नवरा सालं, चहाचा चोथा लपवायला लागला, तशी त्यांची चौकशी सुरू झाली. "गीला नी है आज? कल भी नी था." उपवास आहे, असं मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा तेच सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले. चोथा साखर-दूध धुऊन टाकला नाही तर मुंग्या येतात, हा शोधही त्याच आठवड्यातला. तो शोध मुंग्यांनीच लावला. हॉवर्डसाहेबांचा ढीग तयार होईपर्यंत थांबायला कुंड्या तयार नव्हत्या. मी नर्सरीतून गांडूळखताची पिशवी आणली, नवऱ्याने ती बघून मान फिरवली, कुंड्या भरल्या.

मग लक्षात आलं की खरी अडचण ऊनही नाही आणि मातीही नाही. अडचण आमच्या घरातली माणसं आहेत. नवशिक्यांना सगळीकडे एकच झाड सुचवतात, स्नेक प्लांट. दोन-तीन आठवडे त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही तरी चालतं म्हणे. चालतं नव्हे, त्याला तेच हवं असतं. जास्त पाण्याने मुळं कुजतात. असं सुख आमच्या घरात माणसाला मिळत नाही, तर झाडाला कुठून मिळणार? आई अंघोळ झाली की तांब्या घेऊन निघतात. नवरा फिरून आला की घालतो. लेक बाटलीत उरलेलं पाणी "वाया नको" म्हणून ओतते. कामाच्या मावशी धुणं झालं की कुंडी दिसेल तिथे पाण्याचा मग रिकामा करतात. जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंप करत आणलेली नर्मदा, एक दिवसाआड नळाला येणारी, आमच्या गॅलरीत चार जणांच्या हातून रोज वाहते. मातीत बोट घालून बघा, ओली असेल तर घालू नका, अशी चिठ्ठी मी लावली. आता चौघं आधी बोट घालतात, मग पाणी घालतात.

तेव्हा या घराला झेपेल ते झाड म्हणजे जास्तीच्या पाण्यावर जगणारं. दोरीखाली कढीलिंबाच्या शेजारची, कपडे ठिबकून सदा ओली राहणारी जागा रिकामीच होती. अळू! हे मला सुचलं, असं मी म्हणते. आईंचं म्हणणं, त्यांनी आधीच सुचवलं होतं आणि कुणी ऐकलं नाही.

पुन्हा नर्सरी. त्याने हौसेने मोठ्या पानांचं, पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांचं काहीतरी पुढे केलं. "खाण्याचं आहे ना?" "खाने का नी, देखने का है. इसमें कुछ नी करना." शोभेच्या अळूची भाजी केली असती तर घरात बरेच दिवस कुणी कुणाशी बोललं नसतं, त्यामुळे मी ते ठेवून दिलं. येताना मंडईत भाजीवालीला विचारलं. तिने टोपलीच्या तळाशी हात घालून अळूचे कोंब आलेले कांदे काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. "यात काय करावं लागतं?" मी सवयीने विचारलं. "कीचड़ रखना," ती म्हणाली. इतक्या दिवसांत बागकामाबद्दल मिळालेलं पहिलं स्वच्छ उत्तर.

चिखल करण्यात आमचं घर कुणाला हार जाणारं नाही. पहिलं पान उलगडलं तेव्हा आईंनी त्याचा देठ निरखून पाहिला, वड्यांना किती पानं लागतील त्याचा हिशेब घातला आणि चिंच भिजवण्याच्या गोष्टी सुरू केल्या. भाभीजी दारातून बघून हरखल्या. "ये भी चुराने का रहता है क्या, आंटी?"

"नी," आई म्हणाल्या, "ये गिना हुआ है."