फक्त एक सही

माझा फोन अजून चालतो. हे वाक्य मी घरात इतक्यांदा उच्चारलं आहे की हल्ली त्यावर कुणी ‘हो’सुद्धा म्हणत नाही. चालतो म्हणजे कसा, तर चाळीस टक्क्यांपर्यंत शहाण्यासारखा उतरतो आणि तिथून एकदम डोळे मिटतो. खालचे चाळीस टक्के नुसते शोभेचे. अशात ‘नवा फोन, मूळ किमतीच्या फक्त २० टक्क्यांत’ असा मेसेज आला, आणि तो वाचून होईपर्यंत फोन चालू राहिला, हाच मला शुभशकुन वाटला. त्या २० टक्क्यांच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी होती. तिचा खुलासा तळाशी होता, पण तिथे पोचायच्या आत फोन बंद पडला.

चार्जर लावून पुन्हा वाचलं. चांदणीचा अर्थ: २४ महिन्यांच्या करारावर.

घरात लगेच मतं पडली. मुलगी म्हणाली, “बाबा, घेऊन टाक. तुझ्या त्या वस्तूला फोन म्हणायची लाज वाटते.” बायको म्हणाली, “अहो, एका हाताने देतायत म्हणजे दुसऱ्या हाताने काढणारच ना?” माझी गोची अशी की दोघींचंही बरोबर होतं. मन मुलीच्या बाजूला, डोकं बायकोच्या. आणि दुकानात जाताना माणूस डोकं घरी ठेवून जातो, हे दुकानदारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

काउंटरवरच्या नमुन्याच्या फोनला पाठीमागे एक वेटोळ्याची वायर चिकटवलेली असते. फोन उचलून कानाला लावायला जावं तर ती ताणली जाते आणि फोनला हळूच मागे ओढते. फोन वर येत नाही म्हटल्यावर आपणच खाली जातो. मी तसाच मान वाकडी करून, काउंटरवर ओणवा होऊन फोनच्या कानाला लागलो होतो, तेवढ्यात विक्रीवाला मुलगा आला.

“मस्त पीस आहे, सर. बाकी काही नाही, फक्त एक सही.”

हे वाक्य मी स्वतः आयुष्यात एकदा वापरलं आहे. प्रगतिपुस्तक अर्धवट दुमडून, वडील घाईत असताना. त्यामुळे ‘फक्त’ म्हणणाऱ्याच्या हातात काय दुमडलेलं आहे, हे बघायची मला सवय आहे.

“सवलत राहू दे,” मी म्हटलं, “दोन वर्षांत माझ्या खिशातून एकूण किती जाणार?”

“एकूण?” तो जरा गोंधळला. “सर, महिन्याला किती ते सांगतो ना.”

महिन्याला किती, हे सगळेच सांगतात. एकूण विचारलं की समोरच्याचा कॅल्क्युलेटर हरवतो. शेवटी मीच त्याच्या माहितीपत्रकाच्या मागे हिशेब मांडला. फोनची मूळ किंमत शंभर धरली. करारावर तो वीसला मिळणार, म्हणजे ऐंशीची सवलत. पण करारासोबत जो प्लॅन घ्यावाच लागतो तो महिन्याला आठ, आणि नुसतं सिम घेतलं तर माझ्या गरजेचा प्लॅन चारला. फरक महिन्याला चार. चार गुणिले २४, शहाण्णव. त्यात सुरुवातीचे वीस. एकशे सोळा! ऐंशीची सवलत घेऊन मी शंभराचा फोन एकशे सोळाला नेणार होतो, वर खुशीत नेणार होतो.

“पण सर, डेटा केवढा मिळतोय!”

हा मुद्दा तसा खरा होता. तेवढा डेटा ज्याला लागतोच, त्याला हाच करार परवडतो. प्लॅनमधला फरक चारऐवजी तीनचा निघाला असता तर एकूण ब्याण्णव झाले असते आणि मीही गप सही केली असती. बिनव्याजी कर्ज आणि वर आठची बचत कोण सोडेल? करार म्हणजे दरवेळी लबाडीच असं नाही. ते कर्ज असतं, एवढंच. हप्ता प्लॅनच्या पोटात असतो म्हणून दिसत नाही. आणि माझा डेटा कशात जातो, तर नातेवाइकांनी रोज सकाळी पाठवलेली फुलं उतरवण्यात. त्यासाठी मी दोन वर्षांचं कर्ज काढणार नव्हतो.

त्या रात्री मात्र मी जगभरच्या मोबाइल करारांचे नियम वाचत बसलो. (फोन चार्जरला लावून, भिंतीला टेकून. वायर मलाही आहेच.) आणि बरं वाटलं, कारण यात अख्खी सरकारं गुंतलेली निघाली. पहिला आयफोन २००७ साली अमेरिकेत आला तोच दोन वर्षांच्या करारासकट. फिनलंडमध्ये याच्या उलट, फोन आणि जोडणी एकत्र बांधून विकायला २००६ पर्यंत चक्क बंदी होती. कॅनडाने २०१३ मध्ये नियम केला की करार कितीही लांबलचक असो, दोन वर्षांनंतर ग्राहकाला दंडाशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे. जपानने २०१९ मध्ये करार मोडण्याच्या दंडावर एक हजार येनची मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कुलूपबंद फोन विकता येत नाहीत. कुलूपबंद म्हणजे एकाच कंपनीचं सिम चालणारा. दुसरं घातलं की ओळख न दाखवणारा. जिथे असं कुलूप चालतं तिथे फोन आपल्या खिशात, किल्ली त्यांच्याकडे.

बायकोने झोपेतून विचारलं, “काय वाचताय एवढं?”

“जपानचा कायदा.”

“फोन घेताय की वकिली?” म्हणून तिने कूस बदलली.

कायदे बाजूला ठेवले तरी मला खरी धास्ती वेगळीच होती. पैशाचा हिशेब होतो हो. माझा स्वतःचा होत नाही. करारावर सही करायची म्हणजे पुढच्या २४ महिन्यांतल्या माझ्याबद्दल हमी द्यायची. तो माणूस याच घरात राहील, तिथे याच कंपनीची रेंज येईल, तो फोन जिन्यावरून पाडणार नाही, त्याला दुसरा कुठला आवडणार नाही. या मनुष्याला मी चांगला ओळखतो. त्याने वर्षभराचे पैसे भरून व्यायामशाळेत पहिला आठवडा घालवला आहे. त्याला जामीन राहायची माझी तयारी नाही.

त्यात बॅटरीचं दुखणं. लिथियमच्या बॅटऱ्या साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्या की थकू लागतात, असा ढोबळ हिशेब आहे. रोज एकदा धरलं तर दीड वर्षाच्या आसपास. म्हणजे शेवटचे काही महिने मी थकलेल्या फोनचे हप्ते ताज्या दराने भरणार. आणि २४ महिने संपले तरी पुष्कळदा प्लॅन आठवरच चालू राहतो. फोनचे पैसे फिटले ही आनंदवार्ता कंपनी आपण होऊन कळवेलच असं नाही. तारीख आपण लक्षात ठेवायची. मी लग्नाचा वाढदिवस फोनच्या आठवणीवर सोडलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि म्हटलं, “कराराची प्रत द्या, वाचायची आहे.”

“वाचायची?” मुलाने आत जाऊन कुणाला तरी विचारलं. मग प्रिंटर शोधला, मग कागद. अठरा पानं गरम गरम बाहेर आली. मी उभ्याउभ्याच वाचायला लागलो आणि नवव्या पानावर सापडलं: मुदतीआधी करार सोडल्यास उरलेल्या महिन्यांची रक्कम एकरकमी भरावी लागेल. मी मोठ्याने वाचलं.

“असं नाहीये, सर,” तो म्हणाला. मी पान त्याच्याकडे फिरवलं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग आजूबाजूला बघून खिशातून स्वतःचा फोन काढला. तोच मस्त पीस, फक्त काच तडकलेली.

“मी पण करारावरच घेतलाय. अकरा महिने राहिलेत. पुढच्या महिन्यात दुसरीकडे नोकरीला जातोय, तिकडे या कंपनीची रेंजच नाही म्हणतात.” आवाज आणखी खाली आला. “सर, तुमच्या त्या हिशेबाने मला किती पडतील?”

मी माहितीपत्रक उलटं केलं आणि त्याच्याकडे पेन मागितलं. तेसुद्धा काउंटरला दोरीने बांधलेलं होतं, म्हणून आम्ही दोघं त्याच्याजवळ सरकलो. अकरा गुणिले आठ, अठ्ठ्याऐंशी. त्याने पाठीमागच्या गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची दिली, मला दिली, आणि म्हणाला, “सर, तुमच्या जुन्या फोनची बॅटरी बदलून मिळते. शेजारच्याच काउंटरवर. तिकडे सही लागत नाही.”